ऑटो क्लच आणि हाताचा मागचा ब्रेक: ऑफ-रोड रायडरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एन्ड्युरो, म्हणजे डोंगर, जंगल आणि दगडधोंड्यांतून होणारी मोटारसायकलची लांब शर्यत, किंवा तिचा अधिक खडतर प्रकार असलेली हार्ड एन्ड्युरो, यांत डावा हात लवकर थकतो. दगडांच्या चढावर क्लच सतत अर्धवट दाबून धरावा लागतो, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग फुगून दगडासारखा होतो आणि मग नेमक्या अवघड जागी गाडी बंद पडते. या त्रासावर काढलेलं उत्तर म्हणजे ऑटो क्लच. मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत), एन्ड्युरो आणि ट्रेल (रानवाटा) चालवणारी मंडळी त्याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

ऑटो क्लच म्हणजे नेमकं काय?

इंजिनाचा वेग पाहून आपोआप धरणारा आणि सोडणारा क्लच. गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली आणि इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालण्याच्या किमान वेगावर आलं, की क्लच स्वतःहून सुटतो. रेस दिली की स्वतःहून धरतो. लिव्हरला बोट न लावता पहिल्या गिअरमध्ये उभं राहता येतं आणि तिथूनच निघता येतं. गाडीचं इंजिन तेच राहतं, गिअरबॉक्सही तोच राहतो. बदलतो तो फक्त क्लचच्या झाकणामागचा भाग.

हे कोणी काढलं?

आज ऑफ-रोडच्या जगात ऑटो क्लच म्हटलं की रेक्लूज हे नाव येतं. अल यंगवर्थ या संशोधकाने २००२ साली अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात ही कंपनी सुरू केली. पहिला गाजलेला क्लच झी-स्टार्ट. त्यात पोलादी गोळ्या उतरत्या खाचांत बसवलेल्या होत्या. वेग वाढला की गोळ्या बाहेर सरकायच्या आणि प्लेटा दाबायच्या.

मूळ कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. होंडाच्या सुपर कबमध्ये १९५८ पासून आपोआप सुटणारा क्लच आहे. हस्कवार्नाने १९७० च्या दशकात पूर्ण ऑटोमॅटिक एन्ड्युरो गाड्या विकल्या, त्यांची मुळं स्वीडिश सैन्यासाठी बनवलेल्या मोटारसायकलीत होती. यंगवर्थ यांचं खरं काम वेगळं आहे. त्यांनी ही कल्पना अशा आकारात बसवली, की शर्यतीची नेहमीची गाडी घ्यावी, झाकण उघडावं, संच बसवावा आणि लिव्हरही जागच्या जागी ठेवावा. पूर्ण नवी गाडी बनवण्यापेक्षा हे अवघड होतं, कारण जागा मोजून मिलिमीटरमध्ये मिळते. मला या शोधाचं सर्वांत जास्त कौतुक तिथेच वाटतं.

झाकणाच्या आत काय घडतं?

आधी साधा क्लच पाहू. त्यात दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षण प्लेटांचे कान बाहेरच्या बास्केटमध्ये अडकतात आणि बास्केट इंजिनाबरोबर फिरते. स्टीलच्या प्लेटांचे दात आतल्या हबमध्ये बसतात आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला असतो. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर हा सगळा गठ्ठा दाबून धरते. लिव्हर ओढला की दाब सुटतो, प्लेटा एकमेकींवरून मोकळ्या सरकतात आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो.

रेक्लूजच्या नंतरच्या क्लचमध्ये या गठ्ठ्यातली एक प्लेट खास असते, तिला ईएक्सपी डिस्क म्हणतात. दोन पातळ चकत्या आणि त्यांच्या मध्ये गोलाकार मांडलेल्या छोट्या पाचरी, असं तिचं रूप. आयडलवर बारीक स्प्रिंगा या पाचरींना आत धरून ठेवतात. त्या वेळी गठ्ठ्यात थोडी फट असते, म्हणून प्लेटा मोकळ्या फिरतात. इंजिनाचा वेग वाढला की जत्रेतल्या चक्री पाळण्याच्या खुर्च्या जशा बाहेर फेकल्या जातात तशा पाचरी बाहेर सरकतात, उतरत्या पृष्ठभागावर चढतात आणि चकत्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात. डिस्क जाड होते, फट भरते, गठ्ठा दाबला जातो आणि क्लच धरतो.

बाहेर फेकणारं हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला की बल चौपट. म्हणून आयडलच्या जरा वर क्लच हळुवार धरायला लागतो आणि थोडी अधिक रेस दिली की घट्ट आवळतो. शर्यतीत चांगला रायडर दोन बोटांनी जे करतो, म्हणजे निघताना हळूच सोडणं आणि मग पूर्ण सोडून देणं, त्याच्या जवळ जाणारं हे वागणं आहे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवा, कारण पुढच्या कित्येक उत्तरांचं मूळ तिच्यात आहे. ही डिस्क बास्केटमध्ये अडकलेली असते, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. तिला इंजिनाचा वेग कळतो, चाकाचा नाही. चाक कितीही वेगाने फिरत असलं तरी इंजिन बंद असेल तर पाचरी आतच राहतात.

मग ती स्कूटरच झाली की! गिअर राहतात का?

सगळे गिअर राहतात आणि पायानेच बदलावे लागतात. गिअरलेस स्कूटरमध्ये केंद्रापसारी (वेगामुळे बाहेर फेकल्या जाणाऱ्या भागांवर चालणाऱ्या) क्लचबरोबर पट्ट्याचं व्हेरिएटर, म्हणजे वेगाचं प्रमाण आपोआप बदलणारी यंत्रणा असते, त्यामुळे गिअर ही भानगडच उरत नाही. कायनेटिक होंडापासून ॲक्टिव्हापर्यंत आपल्याकडच्या घराघरांत हे तंत्र पोचलेलं आहे. ऑटो क्लचने त्यातला फक्त क्लचचा भाग उचलला आहे. कोणत्या वळणाला कोणता गिअर, हा निर्णय रायडरकडेच राहतो.

क्लचचा लिव्हर काढून टाकायचा का?

काढता येतो, पण मी तसा सल्ला देणार नाही. लिव्हर जागेवर असला तर तो पूर्वीसारखाच काम करतो. पुढचं चाक ओंडक्यावर उचलायचं असेल तर लिव्हर धरून रेस द्यावी आणि झटकन सोडावा. घसरत्या मातीत मागचं चाक फार फिरायला लागलं तर एका बोटाने क्लच थोडा सरकवावा. ऑटो क्लचने हाताची सक्ती संपते, हाताचा अधिकार शाबूत राहतो. आणि एखाद दिवशी आतली जुळणी बिघडली, तर लिव्हर हीच तुमची शेवटची खात्री.

शर्यतीत फायदा नेमका कुठे दिसतो?

सपाट, वेगवान मोटोक्रॉस ट्रॅकवर फारसा दिसत नाही. तिथे इंजिन सतत वरच्या आवर्तनांत असतं, क्लच घट्ट धरलेलाच असतो. फरक पडतो तो संथ आणि तुटक जागांवर.

ऑस्ट्रियात आयझनएर्त्सच्या लोखंडाच्या खाणीवर १९९५ पासून होणारी एर्झबर्ग रोडिओ घ्या. अंतिम शर्यतीला ५०० रायडर सुटतात आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडेच असतात. मोठमोठ्या सुट्या दगडांचा उतार, त्यातून वर चढायचं, पुढचं चाक अडकतं, मागचं उडी मारतं. अशा ठिकाणी प्रत्येक दगडाला क्लच दाबा-सोडा चालू असतं. एकदा चुकलं की इंजिन बंद. इंजिन बंद पडणं म्हणजे केवळ काही सेकंदांचं नुकसान नसतं. चढावर गाडी मागे घसरते, तोल जातो, ती उचलावी लागते, आणि त्या उचलण्यात जी ताकद जाते ती पुढच्या तासाभरात परत मिळत नाही. ऑटो क्लचवर मागचं चाक ब्रेकने पूर्ण थांबवलं तरी इंजिन चालू राहतं.

पूर्वी याची किंमत आणखी जबर होती. मोटोक्रॉसच्या पुष्कळ गाड्यांना सेल्फ नव्हता. होंडाच्या सीआरएफ ४५० आरला सेल्फ सरसकट मिळाला तो २०१८ च्या मॉडेलपासून. त्याआधी गरम झालेलं ४५० सीसीचं इंजिन चिखलात उभं राहून किकने चालू करणं हे रायडरांचं दुःस्वप्न होतं.

दुसरा फायदा डोक्याचा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. हातापायांच्या चार कामांपैकी एक कमी झालं की नजर आपोआप पुढे जाते. चाकाखालच्या दगडाऐवजी तीन दगड पुढची वाट दिसायला लागते. थकलेल्या रायडरच्या चुका बहुतेकदा नजर जवळ आल्यामुळे होतात.

मागचा ब्रेक पायाने लागतो ना, तो हातावर कशासाठी?

ऑटो क्लचमुळे डावा हात मोकळा झाला, तर त्याला काम काय द्यायचं, या प्रश्नाचं हे उत्तर. आणि उत्तर फार चांगलं आहे.

उजव्या वळणाचा विचार करा. ऑफ-रोडमध्ये वळताना आतला पाय पेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) उचलून पुढे काढतात, तोल गेला तर टेकवायला. डाव्या वळणात डावा पाय निघतो, उजवा ब्रेकवरच असतो. उजव्या वळणात मात्र ज्या पायाने ब्रेक लावायचा तोच पाय हवेत असतो. म्हणजे प्रत्येक उजव्या वळणात मागचा ब्रेक अर्ध्यावर सोडून द्यावा लागतो. हातावर ब्रेक असला की दोन्ही वळणं सारखी होतात.

तीव्र उतारावर याहून मोठा उपयोग. ओल्या मुळांवर, निसरड्या कातळावर खाली येताना दोन्ही पाय टेकवत यावं लागतं, त्या वेळी पायाचा ब्रेक मिळतच नाही आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. पुढचं चाक घसरलं की गाडी गेलीच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी मागचं चाक धरून, पाय मोकळे ठेवून उतरणं ज्याने एकदा अनुभवलं त्याला पुन्हा पायावर परतावंसं वाटत नाही. शिवाय जड बुटातल्या पायापेक्षा बोटाला दाबाचा अंदाज अधिक बारीक येतो.

हा ब्रेक कसा बसवतात?

तीन पद्धती आहेत. क्लचचा लिव्हर काढून त्या जागी ब्रेकचा लिव्हर, किंवा दोन्ही लिव्हर एकाखाली एक, किंवा अंगठ्याने ढकलायचा छोटा लिव्हर. मला दोन लिव्हरांची मांडणी बरी वाटते, मात्र लांबी आणि कोन जुळवायला एखादी दुपार द्यावी लागते, नाहीतर घाईत बोटं भलत्या लिव्हरवर जातात. बहुतेक किटमध्ये पायाचा ब्रेकही चालू राहतो.

ब्रेकच्या द्रवाबाबत एक कडक सूचना. ब्रेकमध्ये डॉट ४ किंवा ५.१ जातीचा द्रव असतो. काही गाड्यांच्या मागुरा कंपनीच्या हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये मात्र खनिज तेल असतं, तर ब्रेम्बोच्या क्लचमध्ये डॉट द्रव. दोन्ही मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचे द्रवाचे पंप) शेजारी शेजारी आले की चुकून एकाचं दुसऱ्यात ओतलं जातं, आणि आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. द्रवाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. हवा काढून झाल्यावर लिव्हर दाबला, सोडला, की चाक लगेच मोकळं फिरतं ना, हे दोन्ही ब्रेकांनी वेगवेगळं तपासा. चाक किंचित अडत असेल तर द्रव परतीच्या वाटेने नीट जात नाही, आणि अशी गाडी पळवली की मागची डिस्क तापून ब्रेक आपोआप आवळला जातो.

हे नवशिक्यांचं खेळणं आहे का? किंवा चक्क फसवणूक?

दोन्ही नाही. नवशिक्याला फायदा होतो हे खरं, पण हार्ड एन्ड्युरोसारख्या प्रकारात कसलेले रायडरही ते वापरतात. फसवणूक म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की सेल्फ आला, हायड्रॉलिक क्लच आला, लांब पल्ल्याचं सस्पेन्शन आलं, तेव्हा कौशल्य संपलं का? ते दुसऱ्या जागी गेलं. ऑटो क्लचवर रेसचा हात फार मऊ लागतो, कारण आता चाकाकडे जाणारी ताकद तोच एकटा ठरवतो. ज्याचा उजवा हात धसमुसळा आहे त्याला हा क्लच वाचवत नाही.

क्लच शिकायचाच नाही, या हेतूने मात्र तो घेऊ नये. आधी साध्या क्लचवर हात बसू द्या. मित्राची गाडी चालवायची वेळ येते, किंवा परदेशात भाड्याच्या गाडीवर चालवायची वेळ येते, तेव्हा लिव्हर तुमची वाट पाहत असतो.

शर्यतीच्या नियमांत बसतं का?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएमच्या तांत्रिक नियमांनुसार दोन्ही चाकांना परस्परांपासून स्वतंत्र चालणारे परिणामकारक ब्रेक हवेत, हँडलवरच्या लिव्हरांच्या टोकाला किमान १६ मिलिमीटर व्यासाचा गोळा हवा आणि रेस सोडल्यावर थ्रॉटल आपोआप बंद व्हायला हवा. जादा लिव्हर लावताना टोकाच्या गोळ्याचा नियम लोक हमखास विसरतात आणि तपासणीत अडकतात. भारतात शर्यती एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या अखत्यारीत होतात. प्रत्येक स्पर्धेची पुरवणी नियमावली वेगळी असते आणि मूळ उत्पादनाशी तंतोतंत जुळणाऱ्या गाड्यांच्या गटात असे बदल चालत नाहीत. नाव नोंदवण्याआधीच तपासनिसांना विचारा.

यात धोका कोणता?

हे उत्तर सावकाश वाचा. क्लच बदलला की सवयी बदलाव्या लागतात, आणि त्या बदलेपर्यंतचा काळ धोक्याचा असतो.

पहिला धोका उभ्या गाडीचा. साध्या गाडीत गिअर टाकून इंजिन चालू ठेवायचं तर लिव्हर धरावाच लागतो, म्हणजे हातालाच गाडीची अवस्था कळते. ऑटो क्लचची गाडी पहिल्या गिअरमध्ये निवांत उभी राहते, न्यूट्रलमध्ये असल्यासारखी. अशा वेळी कोणी गंमत म्हणून रेस पिळली तर ती क्षणात उडी मारते. लहान मुलांना अशा गाडीच्या हँडलजवळ येऊ देऊ नका. गाडीवरून उतरण्याआधी इंजिन बंद, हा नियम स्वतःला लावून घ्या. गाडी ढकलत वर चढवताना रेस द्यायची तर किल-स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला असावी.

दुसरा धोका उताराचा. इंजिन बंद असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडी थांबून राहत नाही, कारण पाचरी आत असतात आणि क्लच सुटलेला असतो. चढावर गाडी गिअरमध्ये लावून निर्धास्त होण्याची आपली सवय इथे घात करते. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला बांधायचा पट्टा जवळ ठेवा आणि चाकामागे दगड लावा.

तिसरा धोका उतारावर इंजिन बंद पडण्याचा. त्या क्षणी इंजिनाचा रोध शून्य होतो आणि गाडी मोकळी सुटते. म्हणून लांब उतारावर हात ब्रेकवर हवेतच.

इंजिन ब्रेकिंग राहतं का?

राहतं, पण इंजिनाचा वेग क्लच सुटण्याच्या मर्यादेच्या वर असेपर्यंतच. अगदी हळू उतरताना ती मर्यादा ओलांडली जाते आणि गाडी एकदम हलकी वाटते. किंचित रेस दिली की क्लच पुन्हा धरतो. उतारावर वेग कमी करण्यासाठी रेस द्यायची, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हातात बसतं. फोर-स्ट्रोकवर हे जाणवतं. टू-स्ट्रोकला मुळातच इंजिनाचा रोध थोडा, त्यामुळे फरकही थोडा.

धक्का मारून चालू होते का?

नाही. ॲक्टिव्हा का होत नाही, तेच कारण. बॅटरीची काळजी घ्या आणि गाडीला किक असेल तर ती काढू नका.

बसवायला किती अवघड आहे?

ज्याने पूर्वी क्लच प्लेटा बदलल्या आहेत त्याला जमेल. खरी कसोटी जुळणीची आहे. गठ्ठ्यातली फट फार कमी राहिली तर आयडलवर गाडी पुढे ओढते आणि गरम झाली की बंद पडते. फट फार जास्त राहिली तर क्लच पूर्ण आवळत नाही, घसरतो आणि प्लेटा जळतात.

ही जुळणी तपासण्याची एक साधी आणि अचूक युक्ती आहे. डिस्क जाड होते तेव्हा ती प्रेशर प्लेटला किंचित उचलते, आणि त्यामुळे क्लचच्या लिव्हरला ढिलाई वाढते. लिव्हर आणि हँडलभोवती एक रबरबँड लावा, इतका हलका की तो फक्त ढिलाई ओढून घेईल. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम. आता रेस झटक्यात वाढवून पाहा. लिव्हर स्वतःहून थोडा आत आला पाहिजे, टोकाशी साधारण ३ मिलिमीटर. हललाच नाही तर फट जास्त आहे, फार आत गेला तर कमी. तुमच्या संचाच्या पुस्तिकेतलं माप अंतिम समजा. दर वेळी शर्यतीला निघण्याआधी ही तपासणी करा, दोन मिनिटंही लागत नाहीत. रबरबँड साधा, स्टेशनरीच्या दुकानातला चालतो.

क्लच कोणत्या वेगाला धरायला लागावा, हे पाचरी आणि स्प्रिंगा बदलून ठरवता येतं. लवकर धरणारी जुळणी संथ ट्रेलसाठी, उशिरा धरणारी थोडी तडफदार. आयडल आधी नीट बसवा, मग बाकीचं. आयडल चुकीचा ठेवून क्लचला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

प्लेटा लवकर जळतात का?

चुकीच्या गिअरमध्ये चालवलं तर नक्की जळतात. गाडी बंद पडत नाही म्हणून लोक तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढायला बघतात. इंजिन गुरगुरत राहतं, क्लच अर्धवट घसरत राहतो, ऑइल काळं होतं आणि जळका वास येतो. साध्या क्लचवर गाडी बंद पडून चूक दाखवायची, इथे ती चूक मुकाट्याने प्लेटांवर लिहिली जाते. एक गिअर खाली ठेवा. ऑइल ओल्या क्लचसाठीचं, डब्यावर जासो एमए ही प्रत लिहिलेलं वापरा आणि वेळेआधी बदला. घर्षण कमी करणाऱ्या पुड्या, बाटल्या त्यात टाकू नका.

टू-स्ट्रोकला बरा की फोर-स्ट्रोकला?

दोन्हींना. मोठ्या फोर-स्ट्रोकला सर्वाधिक उपयोग, कारण ४५० सीसीचं इंजिन खालच्या आवर्तनांत ठसका लागल्यासारखं एकाएकी बंद पडतं. ३०० सीसीच्या टू-स्ट्रोकवर अवघड चढांत फार सुरेख चालतो.

महाराष्ट्रात याचा उपयोग काय?

२८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. ४५० आणि २५० सीसीच्या परदेशी गाड्या आपल्या प्रेक्षकांनी जवळून पाहिल्या. पण सुपरक्रॉस हा उड्यांचा, वेगाचा खेळ आहे, ऑटो क्लचची जागा ती नव्हे. सह्याद्री मात्र अगदी त्याच्यासाठी घडल्यासारखा आहे. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, ओढ्यातले गोल गोटे, कोकणातल्या लाल चिखलाचे उभे चढ. इथे वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटर आणि क्लच अखंड चालू.

अडचण गाड्यांची आहे. हे संच प्रामुख्याने केटीएम, हस्कवार्ना, होंडा, यामाहा यांच्या एन्ड्युरो आणि मोटोक्रॉस गाड्यांसाठी बनतात. आपल्याकडचे बहुतेक रायडर हिरोची एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन यांवर शिकतात. तुमच्या नेमक्या मॉडेलचा आणि वर्षाचा संच आहे का ते आधी पाहा. ‘थोडं घासून बसेल’ म्हणणाऱ्या गॅरेजवर विश्वास ठेवू नका. इथे प्लेटांच्या जाडीत एक दशांश मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा. नोंदणी असलेल्या गाडीच्या ब्रेकमध्ये बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आणि विम्यामुळेही आधी चौकशी केलेली बरी.

पायाला किंवा हाताला दुखापत झालेल्यांना याचा फायदा होतो का?

फार मोठा, आणि या साधनांची सर्वांत हृद्य बाजू हीच आहे. ऑस्ट्रेलियाचे रायडर मिक डूअन यांचा उजवा पाय १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनच्या ट्रॅकवर चिरडला. पायाने ब्रेक दाबता येईना म्हणून मागचा ब्रेक डाव्या अंगठ्यावर आणला गेला, आणि १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं ते ५०० सीसीचे जगज्जेते ठरले. ती रस्त्यावरची शर्यत, पण कल्पना मातीत तितकीच चालते. इटलीचे निकोला दुत्तो २०१० मधल्या अपघातानंतर कमरेखाली लुळे झाले. २०१९ मध्ये ते पेरूमधल्या डकार रॅली या अनेक दिवसांच्या खडतर शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर मोटारसायकलसह उभे होते, ऑटो क्लच लावून आणि पायांची सगळी कामं हँडलवर आणून. चौथ्या टप्प्यात त्यांची रॅली संपली. तरी कमरेखाली हालचाल नसलेला माणूस मोटारसायकलवर डकारला उतरला, ही गोष्ट त्याआधी झाली नव्हती.

संधिवात, मनगटाची जुनी मोड, बोटांतली अशक्तता असणाऱ्यांनीही याचा विचार करावा. वयाच्या पन्नाशीत केवळ डाव्या हातामुळे गाडी विकायला काढणाऱ्यांना मी आधी हा क्लच वापरून बघा असं सांगतो.

मोठ्या कंपन्यांचे नवे क्लच आले, इलेक्ट्रिक गाड्या आल्या. मग हे आता जुनं झालं का?

होंडाचा ई-क्लच २०२३ मध्ये जाहीर झाला, तो मोटरींनी क्लच चालवतो. केटीएमच्या मोठ्या ॲडव्हेंचर गाडीतल्या एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलू शकणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तर केंद्रापसारी क्लचच आहे. स्टार्क वार्गसारख्या इलेक्ट्रिक मोटोक्रॉस गाडीला क्लच नाहीच, म्हणून तिथे डावा लिव्हर मागच्या ब्रेकला मिळाला. दिशा एकच आहे. पण शर्यतीच्या हलक्या पेट्रोल गाडीवर सेन्सर आणि वायरी न वाढवता हे काम करायचं, चिखलात बुडालं तरी चालायला हवं आणि मैदानात साध्या पान्यांनी उघडता यायला हवं, तर पाचरी आणि स्प्रिंगांचा हा संच अजून खूप पुढे आहे.

बजेट थोडं आहे. आधी काय घ्यावं?

बूट, हेल्मेट, गुडघ्याचे ब्रेस. मग तुमच्या वजनाला जुळवलेलं सस्पेन्शन आणि चांगले टायर. मग चांगल्या प्रशिक्षकाकडे दोन दिवस. त्यानंतर ऑटो क्लच, आणि तो अंगवळणी पडल्यावर हाताचा ब्रेक. दोन्ही एकाच दिवशी बसवू नका. घाबरलेला हात जुन्या सवयीने क्लच समजून ब्रेक ओढतो आणि मागचं चाक जाम होतं. आधी मोकळ्या मैदानात आठचे आकडे काढा, मग छोटे चढ, मग उतार.

जुन्या क्लचचं काय करायचं?

प्रेशर प्लेट, स्प्रिंगा, मूळ प्लेटांचा गठ्ठा, सगळं ऑइल लावून डब्यात ठेवा आणि वर गाडीचं मॉडेल लिहून ठेवा. परगावच्या शर्यतीला तो डबा सोबत न्या, झाकणाचं एक जादा गॅस्केटही. ऑटो क्लचच्या पाचरी किंवा डिस्क तिथे मिळणार नाहीत, पण मूळ संच अर्ध्या तासात परत बसतो आणि दुसऱ्या दिवशीची फेरी चालवता येते.